दुसऱ्या बेसवर बाबा

प्रिय आत्या,

पत्राच्या सुरुवातीला 'तू मजेत असशील' असं लिहायचं असतं. पण तू मजेत आहेस हे आपल्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे आणि त्यानंच त्यांची झोप उडाली आहे, म्हणून ते सोडून देते. आम्ही बरे आहोत. आईचं गुडघ्याचं दुखणं डावीकडून उजवीकडे सरकलंय. बाबांच्या दुकानासमोरचा रस्ता पाइप टाकायला खणलाय तो अजून तसाच आहे, त्यामुळे ज्यांना नीट दिसत नाही नेमक्या त्याच माणसांना खड्ड्यावरच्या फळीवरून चष्मा करायला यावं लागतं. आणि मी, तुझी बेडकी, बेसबॉलच्या ज्युनियर संघाच्या निवड चाचणीला जाऊन आले. कॅचर म्हणून. निकाल सांगते, पण आधी सगळं ऐकून घे. हे फोनवर सांगता आलं असतं, मला कळतं. पण फोनवर तू 'झाली का निवड?' एवढंच विचारशील, मी हो किंवा नाही म्हणेन, आणि जे सांगायचंय ते राहूनच जाईल. शिवाय आपल्या घरात फोन कुठे आहे तुला माहीतच आहे. बाबांच्या खुर्चीला लागून.

तू खेळायचीस तेव्हा म्हणे निवडीचे सर सावलीत खुर्ची टाकून बसायचे, दोन-चार फेकी बघायचे आणि 'ही घ्या' म्हणून मोकळे व्हायचे. आता तसं राहिलेलं नाही. आता कॅचरचा हात मोजतात. म्हणजे बघ, पहिल्या बेसवरची रनर संधी साधून दुसऱ्या बेसकडे पळाली, की बॅटरच्या मागे, प्लेटपाशी उकिडवं बसलेल्या कॅचरनं पिचरचा चेंडू पकडायचा, उठायचं आणि पिचरच्या डोक्यावरून थेट दुसऱ्या बेसवर फेकायचा, म्हणजे रनर पोचायच्या आत तिथला खेळाडू तिला चेंडू लावून बाद करतो, इथपर्यंत तूच शिकवलंस. तर चेंडू कॅचरच्या ग्लव्हमध्ये 'थप्' वाजला की स्टॉपवॉच चालू करतात आणि दुसऱ्या बेसवरच्या ग्लव्हमध्ये 'थप्' वाजला की बंद करतात. आम्ही मुली त्याला 'थप् ते थप्' म्हणतो. दोन सेकंदांच्या जवळपास आलं तर मोठ्यांच्या संघातही मान वर करून बघतात, आमच्या वयाला थोडी सूट. दोन सेकंद म्हणजे किती, तर तुझ्या भावाला शिंक यायला याहून जास्त वेळ लागतो. आणि एवढ्यात ग्लव्हमधला चेंडू चाचपून नीट बोटांत घ्यायचा, पाय वळवायचे, फेकायचा, आणि तो पोचायलाही हवा. यातलं प्रत्येक वेगळं बघतात, आणि बघणारेही वेगवेगळे असतात.

आमच्याकडे तीन होते. एक स्टॉपवॉचवाले सर. त्यांना सर्दी झाली होती. एका मुलीच्या फेकीच्या वेळी ते शिंकले, चालू करायचं बटण उशिरा दाबलं गेलं, आणि तिची वेळ अशी निघाली की ती जगात कुणालाच जमलेली नसावी. ती बिचारी आनंदानं रडायलाच लागली. मग तिला पुन्हा फेकायला लावलं आणि ती पुन्हा रडली. दुसऱ्या वेगवाल्या मॅडम. त्यांच्या हातात चेंडूचा वेग मोजायचं पिस्तुलासारखं यंत्र होतं. आई लांबून बघून म्हणाली, या बाई मैदानात केस कशाला वाळवतायत? मॅडमना वेग सोडून दुसरं काही दिसतच नव्हतं. चेंडू जोरात गेला की त्यांचा चेहरा उजळायचा, मग तो कुठेही का जाईना. आणि तिसरे सगळ्यांत वयस्कर सर. ते चेंडूकडे बघतच नव्हते. फेकणाऱ्या मुलीचे पाय बघायचे, आणि पाय बघून झाले की डोळे मिटून नुसतं ऐकायचे. आम्हाला वाटलं, झोपले.

माझा हात कसा आहे ते तुला सांगायला नको. तुझ्यावर गेलाय, म्हणजे आखूडच आहे. तू बदली होऊन तिकडच्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गेलीस, त्यानंतर काही दिवस मी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत भिंतीवर चेंडू मारत बसले. भिंत चांगली असते, पण ती 'कोपर वर घे गं बाई' म्हणत नाही. शिवाय तळमजल्यावरच्या आजींनी निरोप पाठवला की त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ दर थपेला पाच मिनिटं पुढे जातंय. मी थांबवणारच होते. तेवढ्यात एका सकाळी बाबा खाली आले.

बाबा, आत्या. ज्यांचं नाक लहानपणी तुझ्याच चेंडूनं वाकडं झालं आणि जे तेव्हापासून हवेत उडणाऱ्या कुठल्याही गोष्टीकडे, अगदी फुलपाखराकडेही, संशयानं बघतात. ते मोकळ्या जागेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. अंगावर कामाचा अ‍ॅप्रन, डोळ्यांवर काच घासताना लावायचा मोठा गॉगल, आणि पोटावर स्वेटरच्या आत उशी. हातात कोरा करकरीत ग्लव्ह. म्हणाले, "डॉक्टरांनी सकाळी मोकळ्या हवेत थांबायला सांगितलंय. थांबायचंच आहे तर इथे थांबतो." मी बघितलं तर ग्लव्ह उजव्या हातात घातलेला. डावखुऱ्या खेळाडूंचा ग्लव्ह उचलून आणला होता. मी तसं म्हणाले, तर म्हणाले, "मी आयुष्यभर सगळं उजव्या हातानं करत आलोय, पकडायचंही उजव्याच हातानं." झालं. आता पकडायला उजवा हात, म्हणजे परत फेकायला उरला डावा. डाव्या हातानं त्यांनी पहिला चेंडू फेकला तो दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीत जाऊन बसला. तेव्हापासून त्यांनी फेकणं सोडून दिलं. प्रत्येक चेंडू ते स्वतः चालत आणून माझ्या हातात ठेवायचे, टपालवाल्यासारखे, आणि परत चालत जागेवर जायचे. आई खिडकीतून म्हणायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलं असतं तर एवढं चालले असते का?

पहिले कित्येक दिवस चेंडू आला की बाबा डोळे मिटून बाजूला सरकायचे. घाबरून नाही हं, अगदी अदबीनं. जिन्यात वरून मोठं माणूस येताना दिसलं की आपण भिंतीला लागून वाट देतो ना, तसे. मी चिडायचे. ते म्हणायचे, "तू माझ्या हातात टाक, मी कशाला सरकतोय?" मी म्हणायचे, खरा सेकंड बेस असतो तो चेंडूकडे जातो, उडी मारतो, वाकतो. ते म्हणायचे, "खरा असेल त्याच्याकडे टाक मग." मुद्दा बिनतोड होता. शेवटी ठरलं असं, की त्यांनी ग्लव्ह बेसच्या पुढ्यात जमिनीजवळ धरायचा, डोळे मिटायचे असतील तर खुशाल मिटायचे, पण हात हलवायचा नाही. तो ग्लव्ह शोधायचं काम माझं. कारण आत्या, चेंडू चुकला तर तो बाबांना लागणार होता. आणि एकाच घरातल्या दोन बायकांनी एकाच माणसाचं नाक दोन्ही बाजूंनी वाकडं करायचं, हे काही बरं दिसलं नसतं.

सकाळी खाली दोघंच असायचो. चेंडू आणून देताना बाबा काहीतरी विचारायचे. आधी चेंडूबद्दलच. मग एकदा म्हणाले, "तुझी आत्या कुठे उभी राहायची?" मी जागा दाखवली. ते तिथे जाऊन उभे राहिले, थोडा वेळ इकडेतिकडे बघितलं, आणि म्हणाले, "इथून सकाळचं ऊन डोळ्यांत येतं." मी म्हणाले, हो, ती टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी ते टोपी घालून आले. आणखी एकदा विचारलं, "ती जेवते का वेळेवर? तुला काही कळवते का?" मी म्हणाले, तुम्हीच विचारा की. तर म्हणाले, "मी आपलं सहज विचारलं. चल, टाक."

तुमचं दोघांचं काय झालं ते मी पूर्ण ऐकलेलं नाही, पण अर्धं घरात ऐकलं आणि अर्धं आईनं सांगितलं. तू तिकडच्या दातांच्या डॉक्टरांशी लग्न करतेयस हे तू आधी आईला सांगितलंस, मग मोठ्या मामींना, मग कसं कोण जाणे ते इस्त्रीवाल्यालाही कळलं, आणि त्यानं कपडे देताना बाबांचं अभिनंदन केलं. बाबांनी तुला फोन लावला आणि पहिलाच शब्द काढला तो, "या वयात?" त्यावर तू म्हणालीस, "तुला यायची सक्ती नाही," आणि ठेवलास. त्यानंतर तू त्यांच्यासाठी 'ताई' राहिली नाहीस. आधी 'तुझी आत्या' झालीस, मग 'तिकडची मंडळी'. नातेवाईक येऊन बसायचे, चहा प्यायचे, 'चष्मेवाल्याच्या बहिणीला दातवाला मिळाला, आता कानाचं मशिन विकणारा कुणी बघा, म्हणजे संच पूर्ण' असे विनोद करायचे. बाबा हसायचे नाहीत, पण त्यांना गप्पही करायचे नाहीत. मला त्याचाच राग यायचा. आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, लग्नाचा राग त्यांना आलाच नाही, शेवटी कळल्याचा आलाय. आणि ती असंही म्हणते की ज्याच्या नकाराची सगळ्यांत जास्त भीती वाटते, त्यालाच माणूस शेवटी सांगतो. हे खरं आहे का ते तुलाच माहीत.

आता चाचणीचा दिवस. आम्ही तिघं गेलो. बाबा दुकान बंद ठेवून आले, पण 'सोडायला' म्हणून, कारण मैदानाच्या बाजूला त्यांना कुणाला तरी फ्रेम द्यायची होती. ती फ्रेम दिवसभर त्यांच्या खिशातच राहिली. चेंडू पकडायला दुसऱ्या बेसवर स्टॉपवॉचवाल्या सरांचा एक खेळाडू उभा होता. आमच्यातली एक उंच मुलगी आहे, तिला सगळे 'तोफ' म्हणतात. तिचा नंबर आधी होता. तिची पहिली फेक बेसवरून, त्या खेळाडूवरून आणि मागच्या फळ्यावरून गेली आणि पाण्याच्या पिंपात पडली. वेगवाल्या मॅडमना आकडा बघून अक्षरशः बसायला खुर्ची लागली. दुसरी फेक त्या खेळाडूकडे गेली, आणि तीच वाईट झाली. बिचाऱ्याचं बोट असं सुजलं की त्याला ग्लव्ह काढता येईना. आता दुसऱ्या बेसवर कोण? सरांनी पालकांकडे बघितलं. इतके सगळे पालक, पण एकदम सगळ्यांना आकाशात काहीतरी दिसायला लागलं. कुणी बुटाची नाडी बांधायला घेतली, आणि त्यांच्या बुटाला नाडीच नव्हती. आणि मग माझ्या मागून आवाज आला, "मी थांबतो."

आत्या, त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं मला वाटलं. सरांनी विचारलं, "कधी खेळलाय?" बाबा म्हणाले, "रोज. मी सेकंड बेसच आहे." जसं एखादा म्हणतो, मी सुतार आहे. आणि आईच्या पिशवीतून त्यांनी तो उजव्या हाताचा ग्लव्ह काढला. म्हणजे 'सोडायला' आलेला माणूस ग्लव्ह घेऊन आला होता. उशी नव्हती, एवढीच काय ती हिंमत. आई मला म्हणाली, "बघू नकोस. मीही बघत नाही." आणि दोघीही डोळे फाडून बघत राहिलो.

इतर मुलींच्या फेकी बाबांनी जमेल तशा घेतल्या. म्हणजे ज्या ग्लव्हमध्ये आल्या त्या घेतल्या आणि बाकीच्यांना वाट दिली. पहिला चेंडू मिळाल्यावर ते सवयीनं तो चालत घेऊन निघाले. सर ओरडले, "अहो, फेका! संध्याकाळ होईल!" बाबांनी फेकला, डाव्या हातानं. तो पालकांत एक बाई छत्री घेऊन बसल्या होत्या त्यांच्या छत्रीतून आरपार गेला. त्या बाईंची मुलगी म्हणजेच ती तोफ. तेव्हा चेंडूची बेशिस्त त्यांच्या घरात नवी नव्हती, पण छत्री नवी होती. म्हणून माझा नंबर आला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "हे मुलीचे वडील आहेत. हे हात पुढे करून चेंडू आधीच घेतील आणि मुलीची वेळ कमी दाखवतील." आणि मुद्दा खरा होता बरं का, तसं करता येतं. सरांनी बाबांना बजावलं, पाय बेसला लावून उभं राहायचं, चेंडू आपल्याकडे येऊ द्यायचा. बाबांचा चेहरा लाल झाला. ते तिथूनच ओरडून म्हणाले, "बाई, मी वीस वर्षं लोकांचे नंबर काढतोय. आजवर एकाचाही नंबर खोटा दिलेला नाही!" पालकांतल्या दोन जणांनी आपापले चष्मे काढून पुसले.

मला पाच फेकी होत्या. पहिल्या वेळी चेंडू ग्लव्हमधून निघेचना, बोटं घामानं ओली झाली होती. निघाला तेव्हा पायावर पडला. दुसरी फेक उंच गेली. बाबांनी उडी मारली. खरंच मारली, पायाखाली कागद सरकवता येईल एवढी. तिसऱ्या फेकीपासून मी डोळ्यांसमोरून सगळं काढून टाकलं. छत्री, तोफ, मॅडमचं यंत्र, सगळं. आपल्या इमारतीमागची जागा आहे आणि समोर एक माणूस जमिनीजवळ ग्लव्ह धरून डोळे मिटून उभा आहे, एवढंच ठेवलं. तिसरी ग्लव्हमध्ये. चौथी ग्लव्हमध्ये. पाचवी ग्लव्हमध्ये. बाबांनी हात तसूभरही हलवला नाही. उलट, आत्या, काय केलं असेल त्यांनी? कुणी खोटा म्हणू नये म्हणून ग्लव्ह पोटाशी ओढून धरला! म्हणजे चेंडूला तेवढं जास्त अंतर कापावं लागलं आणि माझी वेळ वाढली. मी नंतर ओरडले त्यांच्यावर. ते म्हणाले, "नंबर थोडा जास्त निघाला तरी चालतो. खोटा निघता कामा नये." अशा माणसाशी काय भांडायचं?

वेग बघून वेगवाल्या मॅडमनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं आपण दुकानात दाखवलेला कपडा नको असेल तर 'येऊन जाऊ परत' म्हणताना बघतो. स्टॉपवॉचवाले सर म्हणाले, ठीक, ना वर ना खाली. तेवढ्यात मघापासून डोळे मिटून बसलेले वयस्कर सर म्हणाले, "घड्याळ पुरे झालं. आता रनर पळवा." खरी रनर पळत असताना तीच कॅचर काय करते ते त्यांना बघायचं होतं. तोफेनं फेकलं तेव्हा रनर नुसती दुसऱ्या बेसवर नाही, तिसऱ्यावरही पोचली, कारण चेंडू आणायला मैदानाच्या बाहेर जावं लागलं. माझ्या वेळी पळायला तोफच उभी राहिली. ती पळतेही वाऱ्यासारखी. पिचरचा हात हलला आणि ती निघाली. मी पकडला, उठले, फेकला. माझा चेंडू काही विजेसारखा नव्हता. तो आपला कामावर जाणाऱ्या माणसासारखा सरळ गेला आणि बेसच्या पुढ्यात, गुडघ्याखाली, ग्लव्हमध्ये शिरला. त्याच वेळी तोफ घसरत आली आणि तिचा पाय बेसच्या आधी बाबांच्या ग्लव्हला येऊन भेटला. धुरळा उडाला. धुरळ्यातून बाबांचा आवाज आला, "सॉरी बाळ, लागलं का तुला?" मग डोळे उघडून त्यांनी ग्लव्हमध्ये डोकावून पाहिलं, चेंडू तिथे होता, आणि सरांना विचारलं, "झालं ना हे?" सर म्हणाले, "आउट!" बाबांना आधी वाटलं त्यांनाच बाहेर जायला सांगितलं.

वयस्कर सर उठून माझ्यापाशी आले. म्हणाले, "हाताचा जोर काय, दोन वर्षांत येईल. पण पकडणाऱ्याला बोटसुद्धा हलवावं लागू नये असं फेकायचं, हे मोठ्यांनाही जमत नाही. तुला कुणी शिकवलं?" मी गोंधळले. खरं तर उत्तर असं होतं की माझा पकडणारा बोट हलवतच नाही. पण एवढं सुचलं नाही, तोंडातून निघालं, "आत्यानं." सर म्हणाले, "कोण आत्या?" आणि दुसऱ्या बेसवरून, एवढ्या लांबून, आत्या, बाबा ओरडले, "माझी ताई! ती माझ्यापेक्षा फार चांगली उभी राहायची!" मग एकदम आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ग्लव्ह काढला, पुन्हा घातला, आणि बेसवरची धूळ पायानं झटकायला लागले. आईनं माझा हात धरला.

तर निवड झाली. माझी आणि तोफेची, दोघींची. वयस्कर सरांनी बाकीच्या दोघांना सांगितलं, "या उंच मुलीला दिशा द्या आणि या बुटकीला दारूगोळा द्या, काम होईल." तोफ मला घाम पुसत म्हणाली, "तुझे बाबा रोज सरावाला येतील का? मला पण हलत नाही असा माणूस पाहिजे." तिच्या आईनं मात्र बाबांकडून छत्रीच्या बदल्यात नजर तपासून घ्यायचं ठरवलंय, आणि निघालंय असं की त्यांना लांबचं खरंच दिसत नाही. मुलीची एकही फेक कुठे पडते ते त्यांनी आजवर बघितलेलं नव्हतं. त्यांना वाटायचं, सगळ्या बेसवरच पडतात.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल संध्याकाळी मी बाबांना चहा द्यायला दुकानात गेले, तेव्हा आतल्या बाजूला ते एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होते. त्या आजोबांनी चष्मा कधी मिळेल विचारलं आणि एक तारीख सांगितली, ती नेमकी तुझ्या लग्नाची निघाली, म्हणाले त्याच दिवशी घ्यायला येतो. बाबा म्हणाले, "त्या दिवशी दुकान बंद. माझ्या बहिणीचं लग्न आहे." आजोबा म्हणाले, "धाकटी का?" बाबा म्हणाले, "नाही, थोरली. एकच आहे." आजोबांनी जरा हिशोब केला असावा, कारण म्हणाले, "आता? या वयात?" आणि आत्या, बाबा इतक्या जोरात म्हणाले की मी बाहेर दचकले, "मग काय झालं? तिला इतकी वर्षं आमच्यातून सवड कुठे मिळाली होती? आता मिळाली, तर करतेय!" मग आजोबा हळूच म्हणाले, "जाणार असाल मग आदल्या दिवशीच." आणि बाबा म्हणाले, "बघू. अजून बोलावणं आलेलं नाही." मी चहा दारातच ठेवून परत आले. आत्या, त्यांनी तयारी पुरती केली आहे, फक्त ते आपणहून विचारणार नाहीत, तू विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाहीत, आणि मी सांगितलं असं कळलं तर उद्यापासून सरावाला येणार नाहीत. म्हणून तू फोन कर. संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर. मागचं काही काढू नकोस, समजावू नकोस, नुसतं 'ये' म्हण. ते आधी म्हणतील, बघतो, गिऱ्हाइकं आहेत, रस्ता खणलाय. तेवढं ऐकून घे, आणि ठेवू नकोस.

तुझीच
बेडकी